बंद खोलीतला शेवटचा हात

लाखूला स्ट्रेचरवरून आत नेलं, तरी त्याच्या अंगाचा वास इस्पितळाच्या व्हरांड्यात मागे राहिला. स्पिरिटचा वास. माईंना तो नवा नव्हता. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हापासून तो त्यांच्या सोबतीला होता. नवऱ्याच्या सदऱ्याला होता, मुलांच्या केसांना होता, पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरींनाही होता. लाकडाला पॉलिश करणाऱ्यांचं घर, तिथे दुसरा कसला वास असणार? पण आज समोरच्या बाकावरची माणसं नाकाला रुमाल लावून एकमेकांकडे बघत होती. त्यांतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "भर दुपारी?"

माईंनी ऐकलं. त्यांच्या थोरल्यानं, दादानंही ऐकलं.

"झालं समाधान?" दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "परक्यांनी बोलायचं तेवढं राहिलं होतं."

"अरे, आधी त्याला शुद्धीवर येऊ दे. मग काय ते बोल."

"माझं बोलणं केव्हाच झालंय, माई. तुझ्यासमोर झालंय. विसरलीस?"

माई विसरल्या नव्हत्या. गेल्या हिवाळ्यात लाखू घराच्या जिन्यात पडलेला सापडला होता, एका पायात बूट आणि एक पाय उघडा. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे बसले आणि ठरलं, की पुन्हा प्यायला तर लाखूनं घर सोडायचं आणि कारखानाही. ठरवलं दादानं, पण मान सगळ्यांनी डोलावली होती. सगळ्यांत आधी लाखूनं.

लाखू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रांगता असताना तो लाखेच्या पातेल्यात दोन्ही हात घालून बसला आणि अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ते हात सोडवताना हसत हसत हे नाव ठेवलं. पुढे ते नाव आणि ती लाख दोन्ही त्याला चिकटून राहिली. अण्णांच्या तिन्ही मुलांत पॉलिशचा हात त्यालाच मिळाला. दादाला हिशेब आणि माणसं सांभाळणं जमलं, ताईला बोलणं. पण कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्यात भिजवून लाकडावरून असा फिरवायचा की लाकडात तोंड दिसावं, ते फक्त लाखूला जमलं.

अण्णांची एक पद्धत होती. आधीचे हात कुठेही द्या, शेवटचा हात मात्र मागच्या खोलीत. तिची खिडकी त्यांनी खिळे ठोकून कायमची बंद केली होती. दार लावायचं, फटीत कापड खुपसायचं, पंखा नाही, आत माणूस एकच. ओल्या पॉलिशवर धुळीचा कणही बसता कामा नये. अण्णा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ते खिळे कुणी काढले नव्हते. त्या घराच्या कामाला दूरदूरहून गिऱ्हाईक येई ते त्या खोलीमुळेच.

लाखूचे हात थरथरायला लागले तेव्हा दादानं त्याला त्या खोलीतून बाहेर काढून घासकामाला लावलं. लाखूनं काचपेपर हातात घेतला आणि तक्रार केली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. हात थांबले. वाचनालयाचं लांब टेबल दुरुस्तीला आलं, त्याचे सगळे हात झाले, आणि आज सकाळी दादानं घासकाम करणाऱ्या भावाच्या खांद्यावर थाप मारली. "ऊठ. आज शेवटचा हात तू दे."

लाखूनं नुसतं "बरं" म्हटलं. पण आत जाण्याआधी त्यानं साबणानं हात इतके घासून धुतले की माईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघवेना. त्यांनी डोळे पुसले होते. आणि दुपारच्या जेवणाला हाक मारायला दादा गेला, तर हे.

दादानं दार उघडलं तेव्हा लाखू टेबलाच्या कडेला लोंबकळत होता. चेहरा भाजलेल्या विटेसारखा लाल, मान लाल, डोळेही लाल. ओकून ओकून पोटात काही उरलं नव्हतं. छातीवर हात दाबत तो कसाबसा म्हणाला, "दादा, मी नाही प्यायलो."

"तोंड बंद कर," दादा म्हणाला होता. "गल्लीच्या टोकापर्यंत वास जातोय."

*

ताई आली ती टॅक्सीचं दार उघडं टाकूनच. टॅक्सीवाला पैशांसाठी मागून ओरडत होता. तिनं दादाकडे बघितलंही नाही. माईंचा दंड धरून तिनं त्यांना पाण्याच्या नळापाशी नेलं.

"आजही घातलंस?"

"रोजच्यासारखं."

"एकच ना?"

"एकच ग. चमच्यानं चुरून. चहात." माईंचा आवाज फुटला. "तूच म्हणालीस ना, त्याला कळलं नाही तरी चालतं म्हणून."

ताईच्या ऑफिसातल्या एका बाईनं नवऱ्याला असंच सरळ केलं होतं. चहात गोळी, नाहीतर आमटीत गोळी. प्यायला की असा काही त्रास होतो की माणूस बाटलीचं नाव काढत नाही. त्या बाईनं दुकान सांगितलं, दुकानदारानं चिठ्ठी न विचारता पाकिटं दिली. ताईनं ती माईंच्या हातात ठेवली तेव्हा म्हटलं होतं, "दादा त्याला घराबाहेर काढेल, त्यापेक्षा हे बरं." आणि माईंना ते पटलं होतं. पोराला घराबाहेर काढण्यापेक्षा काहीही बरंच वाटलं असतं त्यांना.

मध्ये एकदा लाखू म्हणाला होता, "माई, हल्ली चहा कडवट लागतो."

"म्हातारी झाले रे, अंदाज चुकतो," त्या म्हणाल्या होत्या आणि साखर वाढवली होती.

"मेला म्हणजे?" नळापाशी माईंनी विचारलं. "आपण मारला म्हणायचा ना त्याला?"

"शू! आपण नाही, त्यानं स्वतः. प्यायला नसता तर गोळीनं काय वाकडं केलं असतं?" ताईनं त्यांचं मनगट दाबलं. "हे बघ, दादाला यातलं अक्षर कळता कामा नये. तिलाही नाही."

ती म्हणजे लाखूची बायको. ती शाळेत शिकवायची, म्हणून घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत, कुणी कौतुकानं, कुणी टोमण्यानं. वर्ग अर्धा टाकून ती आली होती. बोटांना खडू तसाच होता. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, उभी होती. रडत नव्हती. दादाला त्याचाच राग आला.

"मास्तरीणबाई, तुम्हाला आधी काही वास नाही लागला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"एका खोलीत झोपता तुम्ही."

"म्हणूनच सांगते, नाही लागला."

तिला त्याहून जास्त बोलता येईना, कारण तिच्यापाशीही एक गोष्ट होती. लाखू गोळी घेत होता. चोरून नव्हे, दवाखान्यातून रीतसर. हृदय तपासून, यकृत तपासून, कागदावर सही करून. रोज सकाळी वरच्या मोरीपाशी तो हात पुढे करायचा, ती गोळी ठेवायची, तो तिच्यासमोर गिळायचा. कुणीतरी समोर असावं असं तिथल्या नर्सनंच सांगितलं होतं. ही गोळी पोटात असताना दारूचा घोट गेला तर जीवावर बेततं, हे दोघांना नीट समजावलं होतं. तेव्हापासून लाखूनं दाढीनंतरचं लोशन फेकून दिलं, खोकल्याच्या औषधाची बाटली वाचल्याशिवाय उघडली नाही, आणि तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी सगळ्यांसमोर विचारलं, "यात रम नाही ना?" ती तेव्हा लाजली होती. घरी येताना मात्र दोघं हसत सुटली होती.

"दादाला सांगू नकोस," एवढंच त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. "त्याला वाटू दे, मी माझ्या जिद्दीवर सोडली."

आणि आता हे. इतकं माहीत असून तो प्यायला. तिला एकच अर्थ लागत होता आणि तो अर्थ कुणाला सांगण्यासारखा नव्हता. एवढं माहीत असून जो पितो, त्याला जगायचं नसतं.

*

डॉक्टरबाई बाहेर आल्या. वयानं मास्तरणीएवढ्याच, केस विस्कटलेले, पायात साध्या चपला.

"रक्तदाब फार खाली गेलाय. सलाईन चालू केलंय, ऑक्सिजन लावलाय. मला एक सांगा, आणि नीट आठवून सांगा. कोणती औषधं चालू आहेत? दारू सुटायची गोळी वगैरे?"

"काही नाही," दादा म्हणाला. "आमच्या घरात गोळीबिळी कुणी घेत नाही. त्यानं स्वतःच्या जिद्दीवर सोडली होती. निदान आम्ही तसं समजत होतो."

जिद्द. मास्तरणीनं खडूची बोटं एकमेकांवर घासली. हा एक शब्द दादाच्या तोंडून ऐकायला लाखू इतके महिने थांबला होता. तो आज निघाला, आणि लाखू आत बेशुद्ध होता.

"घेतो," ती म्हणाली. "डायसल्फिराम. रोज एक. मी देते."

दादानं मान वळवली. ताईच्या हातून पर्स खाली पडली.

"सकाळी घेतली?"

"माझ्यासमोर."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वळल्या.

"म्हणजे गोळी होती तर," दादा म्हणाला. "आणि मी वेडा, जिद्द जिद्द म्हणून चार लोकांत सांगत होतो. आज त्या खोलीत पाठवला तो कशाच्या भरवशावर?"

"तुम्हाला काय वाटतं, दादा, ती गोळी घेणं सोपं असतं?" मास्तरणीचा आवाज वाढला नाही, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. "एक घोट घेतला तर आपलं असं होणार हे ठाऊक असून रोज सकाळी हात पुढे करायचा. रोज. एखाद्या दिवशी नाही केला तर कोण विचारणार होतं त्याला? तुम्ही? तुम्हाला तर माहीतही नव्हतं. मग ही जिद्द नाही तर काय आहे?"

"मग प्यायला कशाला?"

ती खिडकीकडे वळली. आता मात्र ती रडत होती.

डॉक्टरबाई दारापर्यंत जाऊन थांबल्या होत्या. "एकच गोळी ना? नक्की? त्या मानानं हे जास्तच आहे. आणखी काही पोटात जात असेल तर मला आत्ता कळायला हवं. नंतर कळून उपयोग नाही."

ताईनं माईंचं मनगट पुन्हा धरलं. माईंनी त्या हाताकडे बघितलं. ही पोर लहानपणी अशीच मनगट धरून चालायची, रस्ता ओलांडायच्या आधी.

"सोड," माई म्हणाल्या.

"माई, नको."

"सोड म्हटलं ना."

त्या दारापाशी गेल्या. व्हरांडा फार लांब नव्हता, पण त्यांना तो संपेना. डॉक्टरबाईंसमोर उभं राहून त्यांनी एखादं पोर सांगतं तसं सांगितलं, "चहातून मीही देत होते. तीच असेल गोळी. त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही." मागे वळून न बघता त्यांनी पुढे जोडलं, "मी एकटीच."

ताई पुढे आली. "एकटी नाही. मी आणून दिली." पर्समधून पाकीट काढून तिनं ते डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि मान हलवली.

"तीच आहे. म्हणजे रोज दोन. एक माहीत असलेली, एक नसलेली." त्या कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आजी, या औषधात निम्मं औषध गोळीत असतं आणि निम्मं घेणाऱ्याच्या माहितीत. त्याला ठाऊक असतं, म्हणून तो सांभाळून राहतो. न सांगता दिली की ते औषध राहतच नाही. माणसं दगावतात अशानं."

त्या आत गेल्या. मग दादाला तोंड फुटलं.

"शाबास. एक वर गोळी देते, एक खाली गोळी देते, एक दुकानातून आणून देते. आणि घरचा कर्ता कोण, तर मी! मला पत्ता नाही!"

"तुला सांगून काय झालं असतं?" ताई उसळली. "तू टेबलाभोवती बसवून निकाल दिलास. प्यायला की बाहेर. तुझ्या भीतीनं त्यानं गोळी लपवली, तुझ्या भीतीनं आम्ही लपवली. एवढी भीती अण्णांची नव्हती रे आम्हाला."

"अण्णांचं नाव घेऊ नकोस."

"का नको? त्यांच्याच खुर्चीवर बसतोस ना?"

"पुरे," माई म्हणाल्या. "आत ऐकू जाईल."

*

दादा पायऱ्यांवर जाऊन बसला. आपलं चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. घर चालवायचं तर कुणीतरी नाही म्हणायला हवं, आणि ते नेहमी त्याच्याच वाट्याला आलं होतं. भावाला जिन्यातून उचलून वर नेणारा तोच, गिऱ्हाइकांची बोलणी खाणाराही तोच. त्यानं ठरवून टाकलं की लाखू बरा झाला की त्याला निरोप द्यायचा. माई रडेल. रडू दे.

"तुम्हीच मोठे भाऊ ना?" डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या. तो उठला. "रक्तदाब चढतोय. वाचला म्हणायला हरकत नाही. पण मला एक कोडं पडलंय. रक्तात दारू निघाली, पण अगदी नावापुरती. प्यायलेल्या माणसाची ही पातळी नव्हे. पोटात तर काहीच नव्हतं. हा काम काय करतो?"

"पॉलिश," दादा म्हणाला, आणि सवयीनं त्याच्या आवाजात ताठा आला. "लाकडाचं. शेवटचा हात द्यायला आमच्याकडे वेगळी खोली आहे. बंद. वारा नाही, धूळ नाही. आमच्या वडिलांची पद्धत."

"खिडकी?"

"खिडकीला खिळे आहेत."

"किती वेळ होता आत?"

"सकाळपासून. लांब टेबल होतं."

"आणि पॉलिश कशात करता?"

"लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून. हातानंच, बोळ्यानं. चांगला हात असला की तळवा आधी भिजवून..." दादा बोलता बोलता थांबला.

"स्पिरिट म्हणजे काय असतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? पण त्या घरात स्पिरिट म्हणजे दारू नव्हती. अण्णांचा कडक नियम होता, स्पिरिट हे हत्यार आहे, करवत किंवा पटाशी असते तसं. ते ओठाला लावील तो या घरातला नाही. लाखू अगदी वाईट दिवसांत, खिशात दमडी नसतानाही, बाहेर उधार मागत फिरला, पण पिंपातल्या स्पिरिटला त्यानं तोंड लावलं नाही. त्याची तेवढी एक इज्जत शिल्लक होती. दवाखान्यात त्याला कामाचं विचारलं तेव्हा त्यानं "फर्निचरचं घासकाम" सांगितलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. लोशन त्यानं फेकलं, केक विचारून खाल्ला. आणि आज भावानं मानानं बोलावलं तेव्हा तळहात भिजवून त्या बंद खोलीत सकाळभर उभा राहिला. स्पिरिटला दारू म्हणावं हे कुणाच्या मनातच आलं नाही. त्याच्याही नाही.

"वाफ श्वासातून जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडी कातडीतूनही जाते. एरवी डोकं दुखण्यापलीकडे काही झालं नसतं. या गोळीवर मात्र थोडंही पुरतं. त्यात गोळी दुप्पट."

"म्हणजे तो प्यायला नव्हता."

"नाही."

"तो म्हणाला होता," दादा म्हणाला. "मला म्हणाला होता तो."

दादा पुन्हा पायरीवर बसला. मग उठून तो मास्तरणीपाशी गेला आणि तिला जे कळायला हवं होतं ते एका वाक्यात सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खडू गालांना लागला.

*

लाखूला जाग आली तेव्हा खाटेभोवती सगळे होते. त्याला वाटलं, निकाल द्यायला जमलेत. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले होते, तसेच.

"मी नाही प्यायलो," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "टेबल अर्धंच राहिलंय."

"बोळा उचललास का वरून?"

"नाही."

"मग चिकटला असेल. डाग पडणार."

"पडू दे."

आजवर कुठल्याही डागाबद्दल दादा असं म्हणाला नव्हता. लाखू त्याच्याकडे बघत राहिला. मास्तरणीनं त्याचा हात धरला होता, आणि ती काही सांगण्याऐवजी नुसतीच हसत होती, गालावर पांढरे पट्टे घेऊन.

माईंनी त्याला स्वतःच सांगितलं. ताईला बोलू दिलं नाही. ऐकताना लाखूनं डोळे मिटून घेतले.

"म्हणून कडवट लागायचा."

"हो रे."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मी हो म्हटलं होतं, माई," लाखू म्हणाला. "केव्हाच. तुला न विचारता म्हटलं, एवढंच."

माईंनी थर्मासमधून चहा ओतला आणि कप पुढे केला. लाखूनं कपाकडे बघितलं. नंतर त्यानं नर्सला हाक मारली आणि पाणी मागितलं. कप माईंच्या हातात तसाच राहिला. ताई खिडकीबाहेर बघू लागली.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं समजावलं, आणि या वेळी सगळ्यांना एकत्र बसवून. ही गोळी आता बंद. पण बंद केली तरी तिचा अंमल दोन आठवडे तरी राहतो, तोवर पॉलिशच्या जवळपास फिरकायचं नाही. पुढे दुसरं औषध आहे, ज्याचं स्पिरिटशी वाकडं नाही. पण त्याचीही पथ्यं आहेत. आधी यकृत पुन्हा तपासायचं, आणि जोरदार वेदनाशामक घ्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरला हे औषध चालू असल्याचं आधी सांगायचं. मनानं सुरू नाही, मनानं बंद नाही. "आणि औषध कुठे ठेवणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"स्वयंपाकघरात," दादा म्हणाला. "टेबलावर. साखरेच्या बरणीशेजारी."

"दारू पुन्हा प्यायलो तर?" लाखूनं विचारलं. त्यानं डॉक्टरबाईंना विचारलं, पण बघत होता दादाकडे.

"तर मला येऊन सांगायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं होतं. आपण औषध बदलून बघतो."

"आणि घरी?"

दादानं घसा साफ केला. "घरी जिना आहेच," तो म्हणाला. "मी आहे उचलायला."

*

घरी आल्यावरही लाखू माईंच्या हातचा चहा घेत नव्हता. भांडला नाही, टोचून बोलला नाही. "आता नको," म्हणायचा, आणि वर जाऊन मास्तरणीला करायला लावायचा. माई रोज त्याचा कप मांडायच्या आणि रोज उचलून ठेवायच्या. एका सकाळी त्यांनी कप मांडलाच नाही. लाखू खाली आला तेव्हा त्यांनी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"तूच कर. मलाही दे."

तो उभा राहिला. मग त्यानं पाणी मोजून टाकलं, पत्ती टाकली, साखर टाकली. माई टेबलापाशी बसून बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. त्यानं दोन कप भरले. माईंनी घोट घेतला.

"कडू झालाय," त्या म्हणाल्या.

"म्हातारा झालो," लाखू म्हणाला. "अंदाज चुकतो."

त्या हसल्या नाहीत, आणि तोही नाही. पण दोघांनी चहा संपवला.

त्याच दिवशी दादानं मागच्या खोलीचे खिळे काढले. अण्णांनी ठोकलेले, गंजून लाकडाशी एकजीव झालेले. एकेक खिळा निघताना असा किंचाळायचा की शेजारी बाहेर येऊन बघून गेले. खिडकी उघडली, तशी इतक्या वर्षांची कोंडलेली हवा बाहेर आली आणि अंगणातला उजेड वाचनालयाच्या टेबलावर पडला. बोळा चिकटलेली जागा दादानं स्वतः घासून काढली होती. आता पुन्हा शेवटचा हात द्यायचा होता, आणि लाखूला अजून आत यायची परवानगी नव्हती.

दादानं बाह्या सरसावल्या. तळहात भिजवला. त्याच्या हाताला हे कधीच जमलं नव्हतं, अण्णांनी लहानपणीच सांगून टाकलं होतं तसं. लाखू अंगणात, खिडकीपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला खुर्ची टाकून बसला होता.

"धूळ बसणार," दादा आतून म्हणाला.

"बसू दे."

"अण्णांनी बघितलं असतं तर..."

"दादा, बोळा फिरवायला लाग. बोलत बसलास तर तोही चिकटेल."

दादानं बोळा टेकवला. टेबल लांब होतं. अर्ध्यावर त्याचा हात अडखळला आणि त्यानं अंगणाकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस," लाखू खुर्चीवरून उठून म्हणाला. "हात थांबवू नकोस. मी सांगतो तसा फिरव. असा, गोल. हां. आता पुढे."